मैनी अजून खालीच आहे

नामाकाका, आधी तक्रार.

नियम तुमचाच होता. तान्ह्या पोळ्याला आम्ही पोरं लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा मागत फिरायचो. बाकीच्या घरी सुटे पैसे मिळायचे, फार तर पेढा. तुमच्या घरी पुस्तक मिळायचं. पातळ, पिवळट कागदाचं, हाताला शाई लागेल इतकं ताजं. पण ते हातात पडायच्या आधी मागच्या पुस्तकातली एक तरी तक्रार सांगावी लागे. ‘छान होतं काका’ म्हणणाऱ्याला तुम्ही नंदीसकट माघारी धाडायचात, जा, विचार करून ये म्हणून. तेव्हा आता माझं ऐका. तुम्हाला जाऊन महिना उलटला, आणि भेटेल तो मला सांगतो की माणूस फार गोड होता, गेलेल्यावर काय रागवायचं. तुम्ही जिवंत असताना मी तीस वर्षं रागावले, त्याचा काही उपयोग झाला नाही. आता थोडं गेल्यावर रागावून पाहते.

हे वाचणाऱ्या सगळ्यांना तुमचा ‘भेगांखालचा मुलुख’ ठाऊक असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही तोवर कंटाळा. उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात. काही इतक्या खोल की काठी घातली तर तळ लागत नाही. आमच्या गोट्या, पेन्सिली, एकदा तर माझी चांदीची तोरडी त्यात गेली आणि कायमची गेली. या वस्तू जातात कुठं, हा प्रश्न सिंदी गावच्या प्रत्येक पोराला पडला असेल. उत्तर तुम्ही एकट्यानं दिलंत. खाली मुलुख आहे. तिथं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडांची, मुळं आभाळातून लोंबतात आणि त्यांचंच जंगल झालेलं आहे. तिथं ढेकळ्या नावाचा राजा आहे, तो पाण्याला भितो. वर हरवलेल्या वस्तू तिथल्या बाजारात चालतात. आणि मैनी नावाची एक पोरगी, आमच्याच वयाची, आमच्यासारखीच उन्हात रापलेली, दर उन्हाळ्यात धुऱ्याजवळच्या, बांधालगतच्या भेगेतून खाली उतरते आणि मृगाच्या पाण्यानं भेग मिटायच्या आत वर येते. एक उन्हाळा, एक भाग. असे सहा भाग झाले. सहाव्याच्या शेवटी ढेकळ्याच्या कैदेतल्या पोरांना वर ढकलता ढकलता मैनी स्वतः मागे राहिली आणि भेग मिटली. त्याखाली छापलं होतं, ‘सातवा भाग पुढच्या तान्ह्या पोळ्याला’.

ते वाक्य अजून तिथंच आहे. मी परवा पुन्हा वाचलं.

कापूस खरेदी केंद्रावर तुम्ही ग्रेडर होतात. दिवाळीनंतर बैलगाड्यांची रांग लागली की तुम्ही आम्हाला ओळखतसुद्धा नव्हता. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धाग्याची लांबी बघायची, पुढची गाडी. हंगामात एक ओळ लिहायची नाही हा तुमचा शिरस्ता. होळी झाली, केंद्र थंडावलं, की ओसरीत खाट टाकून तुम्ही लिहायला बसायचात, म्हणजे बरोबर भेगा पडायच्या दिवसांत. वर्ध्याला छापून घ्यायचात आणि पोळ्याच्या आधी गठ्ठे रेल्वेनं सिंदीला उतरायचे. आम्ही पोरं स्टेशनवर चकरा मारायचो आणि गठ्ठ्याच्या कागदाला कोपऱ्यात भोक पाडून आत बघायचो. स्टेशनमास्तर आम्हाला हाकलायचे. तुम्हाला हे माहीत होतं, कारण पाचव्या भागाचा गठ्ठा तुम्ही मुद्दाम गोणपाटात शिवून आणला होता.

सातव्या वर्षी गठ्ठा आला नाही. आम्ही तुमच्या दारात उभे राहिलो, तर काकूंनी प्रत्येकाच्या हातावर बिस्किटाचा पुडा ठेवला. तुम्ही मागून म्हणालात, “येऊन राह्यला, येऊन राह्यला.” मी तेव्हा तेरा वर्षांची होते. त्या पुड्याचा मला इतका राग आला होता की मी तो आमच्या म्हशीला घातला.

मग ‘येऊन राह्यला’ हे तुमचं नेहमीचं झालं. दरम्यान तुम्ही मोठे झालात. नागपूरच्या कुठल्याशा पेपरात कुणी कौतुक लिहिलं आणि तुम्हाला बोलावणी येऊ लागली. शाळांची स्नेहसंमेलनं, वाचनालयांचे वर्धापनदिन, रांगोळी स्पर्धेचं बक्षीस वाटप. पत्रिकेवर तुमच्या नावामागे ‘ज्येष्ठ बालसाहित्यिक’ लागायचं आणि तुम्ही त्या पत्रिका मला आणून दाखवायचात. मी म्हणायचे, काका, ज्येष्ठ तर आहातच, आता साहित्यिकाचंही बघा. तुम्ही हसायचात. तुमच्या त्या हसण्यापुढे माणसाला फार वेळ चिडताही येत नसे, आणि हीसुद्धा माझी तक्रारच आहे.

मी डी.फार्म. करून सिंदीतच मेडिकल टाकलं, तेव्हापासून तुम्ही माझ्या तावडीत सापडलात. महिन्याच्या महिन्याला तुम्ही बीपीच्या गोळ्यांना यायचात आणि मी पाकीट काउंटरवर ठेवून त्यावर हात ठेवायची. आधी मैनीचं सांगा, मग गोळ्या. मागे उभी गिऱ्हाइकं हसायची. एकदा एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं की मैनी म्हणजे तुमची पोरगी आणि ती कुठं तरी अडकली आहे, त्यांनी बिचाऱ्यांनी तुम्हाला पोलिसात जायचा सल्ला दिला. तुम्ही अगदी गंभीरपणे मान हलवलीत. तुम्हाला मूलबाळ नव्हतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तुम्हीही सांगितलं नाहीत. बाई गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, “पाह्य, तिलेबी काळजी पडली.” मी म्हटलं, सगळ्यांना आहे, एक तुम्ही सोडून.

कारंज्याचं प्रकरण तर मी विसरूच शकत नाही. कारंजा घाडग्याच्या एका शाळेत तुम्ही पाहुणे म्हणून गेला होता. तिथं पोरांनी विचारलं आणि तुम्ही बेलाशक सांगून टाकलंत, की वरून कुणीतरी कापसाचा धागा सोडतो आणि मैनी तो धरून वर येते. माझी मामेबहीण तिथं शिक्षिका आहे, तिनं मला फोन करून कळवलं. मला वाटलं, चला, निदान मनात तरी शेवट ठरला. मग पंधरवड्यानं देवळीहून औषधांचा एक सप्लायर आला, तो म्हणाला की तुमचे ते काका आमच्या वाचनालयात आले होते, ढेकळ्या राजा शेवटी पाण्यात विरघळतो म्हणाले. धाग्याचं नावच नाही. तुम्ही गोळ्यांना आलात तेव्हा मी तुम्हाला धारेवर धरलं. कारंज्याच्या पोरांना एक, देवळीच्या लोकांना दुसरा, आणि ज्या सिंदीच्या भेगेत पोरगी अडकली आहे तिथल्या माणसांना बिस्किटं? तुम्ही म्हणालात, ते तिथल्यापुरतं होतं. हे वाक्य मी नवऱ्याला सांगितलं, मुलीला सांगितलं, आणि दर वेळी सांगताना मला नव्यानं राग आला.

आपलं शेवटचं भांडण आषाढातलं. दुकानात गर्दी नव्हती. तुम्हाला दम लागत होता, स्टूल दिलं तर नको म्हणालात. मला तुमची काळजी वाटली, आणि मला काळजी वाटली की माझं तोंड सुटतं. मी म्हटलं, “काका, वय झालं तुमचं. आता तरी वर काढा तिले. तुमच्या मांगं कोन काढनार हाये?”

तुम्ही छत्री काउंटरला टेकवलीत. मग म्हणालात, “मी नाई ठेवलं तिले खाली. तू ठेवलं.”

मला काही समजेना. तेव्हा तुम्ही सांगितलंत. पाचवा भाग मिळाला त्या तान्ह्या पोळ्याला मी तुमच्या दारात तक्रार केली होती, की मैनी तर दर वर्षी वर येते, मग आम्ही भ्यावं काऊन? माझे शब्द तुम्हाला जसेच्या तसे आठवत होते. मला नव्हते आठवत. तुम्ही म्हणालात की ती तक्रार ऐकून तुम्हाला रात्रभर झोप लागली नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही मैनीला खाली ठेवलंत.

माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षांच्या पोरीच्या नावावर पावती फाडता का, असं मी तुम्हाला विचारलं. पोरं काय वाटेल ते बोलतात, ऐकायचं किती हे मोठ्यानं ठरवायचं असतं. मी तक्रार केली होती, पण लेखक तुम्ही होता. तिला खाली ठेवायला माझा सल्ला चालला, मग वर काढायला तीस वर्षं ओरडते आहे तो का चालत नाही? हे सगळं मी मोठ्या आवाजात बोलले. समोरच्या चपलेच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला. तुम्ही शांतपणे छत्री उचललीत, “लय खरी होती ना पन तक्रार,” एवढं म्हणालात आणि निघालात. गोळ्या काउंटरवरच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या घरी आणून दिल्या. तुम्ही झोपला होता. काकू म्हणाल्या, उठवू का? मी म्हटलं राहू द्या, पुढच्या महिन्यात दुकानात भेटतीलच. तुम्ही पाठमोरे झोपला होता आणि बनियनला पाठीवर भोक होतं. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले हृदयाचं होतं, फार त्रास झाला नसेल.

त्या दिवशी मी तुम्हाला उठवलं असतं, तर सॉरी म्हटलं नसतं. ते मी आजही म्हणत नाही. पण दुसरी एक गोष्ट कदाचित सांगितली असती, जी इतक्या वर्षांत काउंटरच्या अलीकडून पलीकडे कधी गेली नाही. सहावा भाग वाचून मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात रानात भेगा पडल्या, तेव्हा मी भेगेला तोंड लावून मैनीला हाका मारल्या होत्या. आई म्हणाली पोरगी बावचळली. त्याआधी मला वाटायचं की आपल्याकडे काही नाही, जे काय आहे ते नागपूरला आहे, मुंबईला आहे, गोष्टी तिकडच्याच असतात. तुम्ही आमच्या पायाखाली एक अख्खं राज्य ठेवलंत. आजही मी रान ओलांडताना भेगेवर पाय देत नाही, न विचार करता उचलून पलीकडे टाकते. एवढं मला एका माणसानं दिलं, आणि त्या माणसाला मी दर महिन्याला फक्त ‘राहिलेलं द्या’ म्हणत आले. खूप आवडायचं मला तुमचं लिहिणं, काका. फार म्हणजे फार. आवडलं नसतं तर एवढा जीव जाळला असता का?

तेरवीला मी काकूंपाशी बसले. मनात एकच होतं, ते विचारायची लाज वाटत होती, पण विचारलं. काकूंना माझा स्वभाव ठाऊक आहे. अंगणवाडीत जन्म गेल्यामुळे त्यांना पोरांच्याही आधी पोरांचे प्रश्न कळतात. त्या म्हणाल्या, “काई नाई लिहिलं त्यायनं, रेखा. पान कोरंच राहे.” मग त्यांनी सांगितलं, की लिहिलं नाही पण बोललात मात्र दर उन्हाळ्यात. दुपारी जेवताना तुम्ही काकूंना नवा शेवट सांगायचात. काकू म्हणायच्या, चांगला आहे, छापून टाका. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणायचात, नाही जमला. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा नवा. एकदा काकू वैतागून म्हणाल्या, अहो, काऊन छापत नाही? तर तुम्ही म्हणालात, “संपलं का मंग पोट्टे इचाराले येनार नाई.”

हे ऐकून मी ताट सोडून उठणार होते. तेरवीचं जेवण होतं म्हणून बसले. पोरांनी विचारायला यावं म्हणून तुम्ही एक पोर तीस वर्षं मातीखाली ठेवलं. आणि माझा संताप अशासाठी, की हिशेब बरोबर होता तुमचा. मी विचारत राहिले ना. माझ्याबरोबरची बाकी पोरं पुण्याला गेली, हैदराबादला गेली, गावी आली की तुमच्याकडे चक्कर टाकून ‘काका, सातवा?’ करून जायची. तुम्ही दारात उभे राहून खूष व्हायचात. तुम्ही भाग दिले असते तरी आम्ही आलो असतो, हे तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं का?

त्याच दिवशी काकूंनी मला कामाला लावलं. तुम्ही गेल्यावर आमच्या वेळच्या कुणीतरी सहाही भागांची पानं मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर टाकली होती. ती गावभर फिरली. शाळेतल्या मॅडमनी वर्गात वाचून दाखवली. म्हणजे यंदा तान्ह्या पोळ्याला पोरं वाचून येणार, तक्रारी घेऊन येणार. काकू म्हणाल्या, “यंदा पोट्ट्यायले बिस्किटं देऊ का मी? तू त्यायच्या मांगं लागत होती. तुले ठाऊक असन काय व्हाले पाह्यजे ते. तूच लिही.”

लिहायचं म्हणून मी सहाही भाग परत वाचले. दुकानात दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना. काका, एक गोष्ट मोठेपणी कळली ती ही, की तुम्ही धांदरट होतात. दुसऱ्या भागात मैनीला जो दिवा सापडतो, ज्याच्यावर तुम्ही दोन पानं खर्च केलीत, तो पुढे कुठंही लागत नाही. मैनीचा भाऊ चौथ्या भागात सखाराम आहे आणि पाचव्यात तुकाराम. ढेकळ्या पाण्याला भितो म्हणता आणि तिसऱ्या भागात तो नदीकाठी जेवायला बसतो. लहानपणी यातलं एक दिसलं नव्हतं. आणि हे सगळं लिहिणारा माणूस चौतीस-पस्तीस वर्षांचा होता. माझ्यापेक्षा लहान. मी ज्यांना एवढे मोठे समजत होते ते काका एक नवखे गृहस्थ होते आणि पुढे काय करायचं हे त्यांना काडीचं ठाऊक नव्हतं. मला हसू आलं, आणि तेवढ्यात कुणीतरी खोकल्याचं औषध मागायला आलं.

दुसरी गोष्ट कळली ती मात्र मला सोडायला तयार नाही. लहानपणी मी मैनीबरोबर खाली असायची. वर काय चाललंय याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. आता वाचताना मी वरच राहिले. सहाव्या भागाच्या शेवटच्या पानावर चार छोटी वाक्यं आहेत, मी कधी नीट वाचलीसुद्धा नव्हती. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मैनीची माय धुऱ्यावर बसली. तिनं तेवढी पट्टी वखरू दिली नाही. बाप रागावला. ती उठली नाही. संपलं. शेतकऱ्याघरच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. रान वखरलं की भेगा बुजतात. पोरगी गेली ती भेग बुजू नये म्हणून ती बाई बैलांच्या आडवी बसली आहे. माझी मुलगी नागपूरला हॉस्टेलवर गेली आणि तिचा फोन रोजचा आठवड्यावर आला, तेव्हापासून मला हे बसणं समजतं. आणि तुम्ही त्या बाईला चार वाक्यं दिलीत. मैनीसाठी तुम्ही तीस उन्हाळे शेवट शोधलात. मायला तिथं उन्हात बसवून तुम्ही विसरून गेलात.

मी लिहून पाहिलं. खरंच पाहिलं. मैनीला दोरानं काढली, पाण्याबरोबर वाहवून काढली, ढेकळ्याला दया आली असंही केलं. प्रत्येक वेळी ती वर येऊन उभी राहायची आणि मला कळायचं की ही मैनी नाही, दुसरीच कुणी आहे. तुम्हाला ‘नाही जमला’ म्हणजे काय व्हायचं ते मला कळलं. त्यानं राग कमी झाला नाही, उलट वाढला, कारण आता तो दोघांवर होता. तान्ह्या पोळ्याला मी काकूंकडे रिकाम्या हातांनी गेले आणि सांगितलं की माझ्याच्यानं होत नाही. काकू म्हणाल्या, बस इथं, पोट्ट्यांना बिस्किटं वाट.

त्या ओसरीत खुर्ची टाकून बसल्या. पोरं आली. आताचे नंदी केवढाले असतात, काका, चाकं काय, शिंगांना दिव्यांच्या माळा काय. पण प्रत्येकाची तक्रार एकच, की सातवा भाग नाही. काकू त्या पोराला जवळ ओढायच्या आणि कानात शेवट सांगायच्या. तुम्ही सांगितलेले, एकेक. एकाला धाग्याचा, एकाला पाण्याचा, एकाला मुळांच्या जंगलाला आग लागल्याचा. इतक्या वर्षांचे सगळे त्यांना पाठ होते. थोड्या वेळानं बाहेर रस्त्यावर पोरांची जुंपली. ज्याला त्याला आपलाच शेवट खरा वाटत होता आणि एक नंदी दुसऱ्या नंदीवर घातला गेला. मला वाटतं तुम्हाला हे फार आवडलं असतं. मी पायरीवर बसून ऐकत होते आणि माझा पारा चढत होता. धाग्यात नाही, पाण्यात नाही, आगीत नाही. शेवटी मी म्हटलंच, “काकू, एवढ्या शेवटांत तिची माय कुठंच काऊन नाई?”

काकू म्हणाल्या, “मायचं त्यायनं कधी सांगतलंच नाई.”

पुढं दोन बहिणी उभ्या होत्या, एकच नंदी दोघींत. काकूंनी त्यांना जवळ घेतलं, पण या खेपेला कानात सांगितलं नाही, मलाही ऐकू येईल असं सांगितलं. म्हणाल्या की मैनीची माय पावसापर्यंत बसली, आणि मग उठली. वखराची पात्यासारखी लोखंडी पास काढून तिनं भेग रुंद केली आणि ती स्वतःच खाली उतरली. धाकटीनं विचारलं, मग मैनी सापडली का? काकू म्हणाल्या, “सापडली ना. मायले काय रस्ता इचारा लागते?” मग थोरलीनं विचारलं की पाऊस आला, भेग मिटली, आता दोघी वर कशा येणार. काकू म्हणाल्या, “येतील सवडीनं. आता एकटी नाई ना ते. भेव कायचं?”

पोरी गेल्या. तीस वर्षं आपण दोघं तिला वर ओढत होतो, काका. कुणी खाली जाईल हे आपल्या डोक्यातही आलं नाही.

पोरं पांगल्यावर काकू ओसरीतले बिस्किटांचे कागद गोळा करत होत्या. मी विचारलं, हा शेवट तुमचा ना? त्या म्हणाल्या, “माहाच. लय जुना हाये. सहावा भाग छापून आला तवाचा.” म्हणजे पहिल्या उन्हाळ्यापासून तो तुमच्या घरात होता, तुमच्यासमोर ताट वाढत होता. मग त्यांना सांगितला का नाही, असं मी जवळजवळ ओरडलेच. काकूंनी कागदांचा बोळा केला आणि म्हणाल्या, “ते मले सांगत, रेखा. मले कधी इचारलं नाई त्यायनं.”